आमच्या गावची पोरं

२४ जून २०२५ला गायक सेर्ज फियोरी गेले. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात तो सणाचा दिवस. सकाळपासून बाल्कन्यांवर निळे-पांढरे झेंडे लागलेले, बागेत संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी मांडव उभा राहत होता आणि त्यातच ही बातमी आली. दुपारपर्यंत मॉन्ट्रियलमधल्या आमच्या गल्लीत उघड्या खिडक्यांतून ‘हार्मोनियम’ ऐकू यायला लागलं. फियोरींचा हा बँड. १९७४ ते १९७६ या तीन वर्षांत त्यांनी तीन स्टुडिओ अल्बम काढले आणि इथल्या दोन पिढ्यांना ते तोंडपाठ आहेत. एका खिडकीत पहिला अल्बम, पलीकडच्या घरात १९७५चा पाच ऋतूंचा, कोपऱ्यावरच्या दुकानात तिसरा, ‘लेप्ताद’. समोरची बाई मुलाला झोपाळ्यावर झोके देत गाणं म्हणत होती, आणि मधेच तिचा आवाज घोगरा झाला. एका गाणाऱ्यावर अख्खा मुलूख इतका जीव लावतो हे पाहून मलाही भरून आलं. मी या भाषेत वाढलेली नाही, इथे येऊन शिकले, तरी ती गाणी मलाही आता येतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. इथल्या जुन्या घरांना बाहेरून वळत वर जाणारे लोखंडी जिने असतात. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ते बसले होते. मी खालूनच म्हटलं, वाईट झालं हो. ते म्हणाले, हो, मोठा माणूस होता. मग थोडं थांबून म्हणाले, “आज सगळे त्याला ऐकतायत, हे छानच आहे. पण आमच्या गावच्या पोरांना कोण ऐकणार?” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एखाद्या लग्नघरात बोलावणं करायचं राहून गेलेल्या नातेवाइकाची आठवण काढावी तसं ते बोलले. आत जाऊन त्यांनी कापडी पिशवीत घातलेल्या दोन तबकड्या आणून माझ्या हातात दिल्या. सावकाश ऐका, घाई नाही, म्हणाले.

ते वाक्य मला काही केल्या सोडेना.

त्यांचं गाव म्हणजे क्वेबेक सिटी, आणि ती पोरं म्हणजे ‘स्लॉश’. मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला मीठ-मातीने काळवंडलेला, बुटात शिरणारा जो अर्धवट वितळलेला बर्फ साचतो, त्याचं नाव त्यांनी आपल्या बँडला दिलेलं. पाच जण. रेजाँ याकोला आणि मार्टिन मरे हे दोघे की-बोर्डवर (मरे सॅक्सोफोनही वाजवतात), गिटारवर कॅरोल बेरार, बासवर पिएर एबेर, आणि ड्रम्सवर पहिल्या अल्बमला झील शियासाँ, दुसऱ्याला आंद्रे रोबेर्ज. गायचं म्हणून वेगळा गायक नाही. गायचं तेव्हा वाजवणारेच तोंड उघडतात. सत्तरच्या दशकात त्यांचे दोनच अल्बम निघाले, दोन्ही आरसीए या कंपनीने काढलेले: १९७५मध्ये ‘झ्यं नय’ आणि १९७६मध्ये ‘स्तादाकोने’. माझ्या हातात होत्या त्या याच दोन. पुठ्ठ्याच्या कडा मऊ पडून त्यांना कापसासारखे तंतू सुटलेले, आणि वरच्या कोपऱ्यात पेनाने कुणाचं तरी आद्याक्षर लिहिलेलं. त्या काळी होस्टेलवर आणि मित्रांच्या खोल्यांत तबकड्या हातोहात फिरायच्या. आपली आपल्याकडे परत यावी म्हणून असं अक्षर टाकून ठेवायची पद्धत आमच्या मिरजेतही होती.

मिरजेच्या घरी बाबांकडे एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ होता. लाल रंगाची पेटी, झाकण उघडलं की तोच स्पीकर. तबकडी हातात कशी धरायची हे मी वाचायला शिकण्याआधी शिकले: तळवे कडेला, बोटं मधल्या लेबलवर, काळ्या भागाला हात म्हणून लावायचा नाही. बाबा सुई ठेवायचे तेव्हा घरात कुणी चालायचं नाही, कारण जुन्या फळ्यांच्या जमिनीवर पाऊल पडलं की सुई उडायची. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती खरखर मला गाण्याइतकीच आवडायची. आजोबांची पहिली तबकडी लावली तेव्हा तीच खरखर आली, आणि मी नकळत पावलं न वाजवता खुर्चीकडे गेले.

पहिली बाजू दोनच रचनांची आहे. त्यातली दुसरी, ‘ल कारेम देरोस’, सुरुवातीला बराच वेळ नुसत्या पियानोवर चालते. रॉकच्या तबकडीवर एकटा पियानो एवढा वेळ! याकोलांचा हात शास्त्रशुद्ध शिकलेला असावा असं वाटतं, पण तो हात कुणाला दाखवण्यासाठी फिरत नाही. डाव्या हाताचे खालचे सूर येतात, थांबतात, त्यांचा नाद पूर्ण विरायच्या आत उजवा हात वेगळ्याच ठिकाणाहून शिरतो. मग हळूच बाकीचे येतात, आणि पुढच्या काही मिनिटांत ताल इतक्यांदा कूस बदलतो की मांडीवर ठेका धरणारा हात हवेतच राहतो. आपल्याकडे ठेका चुकला तर समेची वाट बघता येते. इथे सम कुठे आहे तेच पाचही जण मिळून लपवतात, आणि अचानक सगळे एकाच क्षणी तिथे हजर असतात. मला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मी एकटीच खोलीत “वा!” म्हणाले. मैफलीत बसून दिलेली दाद असते तशी ती होती.

दुसऱ्या बाजूवर शेवटी ‘पोताज ओझेर्ब दुतझ’ आहे, म्हणजे संशयास्पद पाल्याचं सूप. हा सगळ्या अल्बममधला माझा सर्वांत लाडका भाग, आणि तबकडीवर तो नेमका सगळ्यांत अवघड जागी येतो. तबकडी एकाच वेगाने फिरते, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर चर सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत तीच लांबी २० सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढ्याच क्षणाचा आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यामुळे झांजा, गाणाऱ्यांचे ‘स’ आणि ‘श’, ऑर्गनचे टोकाचे सूर तिथे जरा फाटतात. दोन की-बोर्ड, गिटार, बास, ड्रम्स आणि पाच जणांचे गळे असं भरगच्च संगीत शेवटच्या इंचावर ठेवणं व्यवहाराला धरून नव्हतं. शांत, हळू काहीतरी शेवटी ठेवायचं हा तबकडीच्या धंद्यातला जुना शहाणपणा. त्यांनी तो पाळला नाही. आजोबांच्या तबकडीवर तर तो भाग इतका वाजलाय की तिथली चर थोडी पांढुरकी दिसते. त्या पांढुरक्या पट्ट्यावरून त्यांची विशी मला दिसली.

आता, यांना लोक का विसरले? यावर मी बरेच दिवस विचार केला. एक तर ते मॉन्ट्रियलचे नव्हते. स्टुडिओ, वर्तमानपत्रं, मोठे रेडिओ, सगळं इथे. क्वेबेक सिटी राजधानी असली तरी गाण्याच्या धंद्यात ते बाहेरगावच. दुसरं असं की, फ्रेंच रेडिओवर फ्रेंच गाण्यांचा ठरावीक वाटा असलाच पाहिजे हा नियम तेव्हा होता आणि त्याने इथल्या कितीतरी गायकांना हात दिला. पण दहा-दहा मिनिटांच्या, बहुतांशी शब्दांवाचूनच्या रचनांना त्या नियमाचा काय उपयोग? इंग्रजी बोलणाऱ्या उरलेल्या खंडाला ही मंडळी फ्रेंच म्हणून परकी, आणि तिकडे फ्रान्सच्या बाजारात समुद्रापलीकडची. त्यात वेळही निसटत होती. १९७६ सालीच इथे ऑलिंपिक झालं आणि नोव्हेंबरच्या १५ तारखेला, क्वेबेकला वेगळा देश करू पाहणारी पार्ती केबेक्वा निवडून आली. लोकांना तेव्हा आपल्या भाषेत, आपल्याबद्दल, मोठ्याने म्हणता येतील अशी गाणी हवी होती. दोन-तीन वर्षांत डिस्को आलं, आणि लांबलचक रचना ऐकायला बसणारे लोकही पांगले.

तरी एक गोष्ट मला खुपते. याच काळात मॉन्ट्रियल म्हणजे अशा संगीताचं, ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याचं, माहेरघर होतं. इंग्लंडहून ‘जेनेसिस’ यायचे, ‘जेंटल जायंट’ यायचे, लोक जीव टाकायचे. ६ जुलै १९७७ला ऑलिंपिक स्टेडियममध्ये ‘पिंक फ्लॉइड’ वाजले तेव्हा स्टेडियम ओसंडत होतं, आणि त्या गर्दीला वैतागून त्यांच्यातले रॉजर वॉटर्स एका श्रोत्यावर थुंकले, ही हकीकत जगभर सांगितली जाते. थुंकणारा पाहुणा लक्षात राहिला. घरच्या पोरांनी त्याच तोडीचं काही वाजवून ठेवलं होतं, ते मात्र ओळखीच्या ओळखीने फिरत राहिलं. ‘मोर्स कोड’, ‘ऑक्टोब्र’, ‘मानेज’, ‘पोलेन’, अशी इथल्या बँडांची आणखीही नावं आहेत, आणि त्यांच्याबद्दलही मला हेच म्हणायचं आहे.

पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. हार्मोनियमचं गाणं एका गिटारवर म्हणता येतं. शेकोटीभोवती, सहलीच्या बसमध्ये, बाळाला निजवताना. माझ्या शेजारणीने झोपाळ्यापाशी म्हटलं तसं. माणसं जपून ठेवतात ती स्वतःच्या गळ्यातून निघणारी गाणी. आपल्याकडे भावगीत टिकलं ते असंच, स्वयंपाकघरातून आणि गॅदरिंगमधून. स्लॉशचं काहीच कुणाला एकट्याने म्हणता येत नाही. त्याला दोन की-बोर्डवाले लागतात, आणि ते दोघे एकमेकांचं वाक्य तोडत, पुरं करत जातात तेव्हाच ते उभं राहतं. ते फक्त ऐकता येतं. म्हणून तबकडी गेली की सगळंच गेलं.

आणि तबकडी तर याच शहरातली म्हणायची. एमिल बर्लिनर या माणसाने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला, आणि अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांनी जेरीस आल्यावर १९००च्या सुमारास आपलं बस्तान मॉन्ट्रियलला हलवलं. ग्रामोफोनपुढे कान देऊन बसलेला तो कुत्रा बर्लिनरनेच अमेरिकेत आणि कॅनडात नोंदवला. बाबांच्या फिएस्टावर होता तोच. पुढे बर्लिनरची इथली कंपनी व्हिक्टर कंपनीकडे आणि व्हिक्टर आरसीएकडे गेली. सँ-आंरी भागातल्या लनुआर रस्त्यावर लाल विटांचा तो जुना कारखाना अजून उभा आहे, आत बर्लिनरच्या नावाचं संग्रहालयही आहे. त्याच बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेले फ्रेड गायसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. प्लास्टिक यायच्या आधी तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बव्हंशी आपल्या इकडची. संग्रहालयात जुन्या तबकड्यांपाशी उभी राहिले तेव्हा मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाचा बोळा करून, सतारीच्या भोपळ्यावर तासन् तास गोल-गोल हात फिरवणारे कारागीर. शाळेतून येताना तो वास नाकात भरायचा. ज्या मालाच्या तबकड्यांतून आवाज जगभर पोचला, त्याचा वास मला लहानपणापासून ठाऊक होता, एवढ्याने मला उगीचच फार आनंद झाला.

दुसऱ्या अल्बमसाठी मी क्वेबेक सिटीला गेले. ‘स्तादाकोने’ हे त्या जागेचं फार जुनं नाव. १५३५मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए तिथे पोचला तेव्हा तिथे इरोक्वॉयन भाषा बोलणाऱ्या लोकांचं गाव होतं, दोनाकोना त्यांचा प्रमुख. कार्तिएची माणसं सँ-शार्ल नदीकाठी गोठलेल्या जहाजांत अडकली आणि स्कर्व्हीने मरू लागली. ११०पैकी २५ गेली. दोनाकोनाच्या मुलाने, दोमागायाने, एका झाडाची साल आणि पाला उकळून प्यायला सांगितलं, आणि उरलेले वाचले. वसंत येताच कार्तिएने दोनाकोनाला आणि त्याच्या माणसांना फसवून जहाजावर घेतलं आणि फ्रान्सला नेलं. दोनाकोना तिथेच वारला. १६०८मध्ये शांप्लँ शहर वसवायला आला तोवर स्तादाकोने नाहीसं झालं होतं.

नदीकाठी आता बाग आहे, लोक कुत्री फिरवतात, पलीकडे लिमुआलू, आजोबांचा भाग. जवळच्या कागद कारखान्यालाही स्तादाकोनाचंच नाव आहे. कानाला हेडफोन लावून मी त्या काठाने चालत होते. अल्बमचं नाव असलेली रचना दहा मिनिटांच्या वर आहे, पहिल्या अल्बमपेक्षा अंगाने जॅझची, अधिक घट्ट, अधिक आत्मविश्वासाची. चालता चालता मला त्यांचं ते संशयास्पद पाल्याचं सूप आठवलं. ते नाव देताना त्यांच्या मनात बहुधा दुसराच पाला असेल, सत्तरचं दशक होतं. पण याच पाण्याच्या कडेला परक्या माणसांनी तो काढा संशयानेच तोंडाला लावला असणार, आणि जगली असणार. ज्यांनी दिला त्यांचं गाव राहिलं नाही. चार शतकांनी त्याच जागेवरच्या पाच पोरांना आपल्या तबकडीवर ते नाव घालावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या पूर्वजांनी ज्यांची जागा घेतली त्यांचं ते नाव, हेही खरं, आणि ते ऐकताना मनाच्या एका कोपऱ्यात ती टोचणी राहतेच. संगीत ती टोचणी घालवत नाही.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. मोठी नावं येतात, आणि मध्येच, पहाटेच्या आधीच्या वेळेला, कुणी गावाकडचे बुवा बसतात. लहानपणी बाबांच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत मी असे एक बुवा ऐकले होते. ललत होता हे बाबांनी नंतर सांगितलं. शालीखाली पाय घेऊन बसलेले वीस-पंचवीस लोक, थंडी, चिंचेच्या झाडाखालचा अंधार, आणि त्या बुवांचा दोन्ही मध्यमांवरून जाणारा किंचित कापरा आवाज. ते कोण होते, कुठले होते, मला सांगता येणार नाही, बाबाही गेले. त्यांची तबकडी कुणी केली नाही. मी मॉन्ट्रियलच्या थंडीत कधी कधी तो स्वर शोधते आणि मला खात्री नसते की मी आठवतेय की रचतेय. स्लॉशच्या बाबतीत निदान एवढं तरी झालं. पाच जणांच्या विशीतला तो जोर, एका कंपनीने पैसे घातले म्हणून, चरीत उतरला आणि राहिला.

अलीकडे या तबकड्यांना भाव आलाय. ‘दुर्मिळ’ असा शब्द लावला की किंमत चढते, आणि कितीतरी प्रती प्लास्टिकच्या पाकिटात बंद होऊन एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे न वाजता जातात. मला हे आवडत नाही. जे संगीत आधीच कमी ऐकलं गेलं, ते कमी ऐकलं गेलं म्हणूनच कुलुपात जावं हा दुहेरी अन्याय आहे. त्यापेक्षा ‘प्रोगक्वेबेक’ या छोट्या कंपनीने केलं ते मोलाचं. त्यांनी हरवत चाललेले हे अल्बम एकेक करून सीडीवर पुन्हा काढले, आणि मॉन्ट्रियलबाहेरच्या, कॅनडाबाहेरच्या माणसांपर्यंत ते पोचले. सीडीवर ‘पोताज’चा शेवट स्वच्छ ऐकू येतो, झांजा फाटत नाहीत. ज्याला हे कधीच ऐकायला मिळालं नसतं त्याच्यासाठी तीच खरी प्रत.

आजोबांशी माझा वाद अजून चालू आहे. त्यांच्या मते ‘स्तादाकोने’ श्रेष्ठ, कारण तिथे हात तयार झालेले आहेत, एकही जागा डळमळत नाही. ते बरोबरच आहे. ‘इल फो सोवे बार्बारा’ ऐकताना ड्रम्स आणि बास यांच्यात बोट घालायलाही फट सापडत नाही. पण मला ‘झ्यं नय’ अधिक लागतो. तिथे गळे सगळे सारखे लागत नाहीत, एखादा सूर काठावरून घसरतो, आणि चार मिनिटांत मावेल अशा कल्पनेच्या पाठीमागे ते दहा मिनिटं धावतात, कारण त्यांना अजून खूप काही सांगायचं असतं. तुम्ही ऐकणार असाल तर दुसऱ्या बाजूने सुरुवात करा, ‘पोताज’ आधी ऐका, आणि मगच पहिल्या बाजूच्या पियानोकडे या. आजोबा म्हणतात हा क्रम साफ चुकीचा आहे, आधी ‘स्तादाकोने’च ऐकायला हवं.